आचाऱ्याची लेक जेवत नाही

“…आणि स्वतःहून काही मागत पण न्हाई?” अज्जांनी विचारलं.

“न्हाई. मागत न्हाई, दिलं तर बघत न्हाई. तोंडाशी नेलं तर मान फिरवती. चार घोट दूध घेती, तेवढंच.”

“कधीपासनं?”

“हिची आई गेली तवापासनं.”

अज्जांचा हात सुपातल्या ज्वारीवर थांबला. मग पुन्हा खडे वेचू लागला.

अज्जा म्हणजे माळावरच्या मठाचे म्हातारे स्वामी. त्यांचं खरं नाव गावात कुणाला आठवत नव्हतं आणि आठवायची कधी गरजही पडली नव्हती. मठात देव एवढासा, चूल मात्र भलीमोठी. जो येईल त्यानं आधी जेवायचं आणि मग आपलं गाऱ्हाणं सांगायचं, असा तिथला रिवाज. आज गाऱ्हाणं आधी आलं होतं, कारण आलेल्या माणसाला दम नव्हता.

तो माणूस होता महालिंग तोडकर. त्या पट्ट्यात लग्नाची तारीख धरण्याआधी लोक भटजीला विचारत आणि भटजीच्याही आधी महालिंग आचाऱ्याला. त्याची गव्हाची हुग्गी, म्हणजे दुधागुळात आटवलेली दाट खीर, खाऊन रुसलेले व्याही हसत उठल्याचे किस्से होते. ते किस्से बहुतेक वेळा महालिंगच सांगायचा. नाकावर माशी बसू देणाऱ्यातला तो नव्हता.

त्याची लेक मठाच्या खांबाला टेकून उभी होती. नाव चन्नम्मा, घरात चन्नी. अजून शाळेत घातलेली नव्हती. तिच्या झग्याचा खांदा सारखा खाली घसरायचा आणि ती तो वर ओढायची. दिवाळीत हाच झगा तिला दंडात काचत होता. महालिंगची नजर पुन्हा पुन्हा त्या खांद्याकडे जायची.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. टॉनिक दिलं, ते बी थुकती. म्हणाला, पोटात काय दोष न्हाई. घरचं साधंसुधं, लेकराला आवडंल असं काय तरी करून घाला.” महालिंग हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. “मला सांगतोय. मला.”

“मग घातलंस?”

“काय घातलं न्हाई ते विचारा, अज्जा.”

आणि तो सांगू लागला. बिटाच्या रसात कणीक मळून लाल पुऱ्या केल्या, पालकाच्या रसात हिरव्या. शेवयांचं घरटं करून त्यात वाटाण्याची अंडी मांडली. तांदळाच्या धिरड्याचा ससा काढला, त्याला मनुकांचे डोळे लावले. तर पोरीनं ते डोळे तेवढे उचलून खिडकीबाहेर टाकले आणि ससा तसाच आंधळा पडून राहिला.

“ससा कशाला?”

“पोरांना ससा आवडतोय की.”

“खायाला?”

थट्टा त्याला कळली, पण हसायला त्याच्याकडे काही शिल्लक नव्हतं.

“सोमवारी सासूबाई यायच्यात,” तो खालच्या आवाजात म्हणाला. चन्नीला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं तोंडापुढं हात धरला. “पोरगी घेऊन जातो म्हणत्यात. म्हणत्यात, गावाला जेवू घालतोस आन् घरात लेकरू उपाशी मारतोस. एकदा गेली की परत यायची न्हाई, अज्जा. मला ठाव हाय. आन् त्यांचं खोटं बी न्हाई…”

बायको गेल्यावर त्या घरात एवढी एकच चालतीबोलती वस्तू उरली होती, आणि ती रोज थोडी थोडी कमी होत होती. रात्री तो तिच्या बरगड्यांवर हात ठेवून झोपायचा. श्वास चालतोय ना, एवढंच बघायला.

“डब्यात काय आणलंस?” अज्जांनी विचारलं.

महालिंगनं एकावर एक चार पुडांचा डबा उघडला. वरच्या पुडात नाजूक गुळपोळ्या, त्याखाली तुपात परतलेला शिरा, मग बटाट्याच्या इवल्या टिक्क्या, तळाशी हुग्गी. सगळा डबा सकाळपासून चन्नीपुढं दोनदा उघडून झाला होता.

अज्जांनी सूप बाजूला सारलं, हात धुतले आणि जेवायला बसले. गुळपोळी संपवली. शिरा संपवला. टिक्क्या एकेक करून तोंडात टाकल्या. हुग्गीचा पूड तिरका करून बोटानं निपटून घेतला.

महालिंग आ वासून बघत राहिला.

“चांगलं झालंय,” अज्जा म्हणाले.

“अज्जा, ते… ते हिच्यासाठी हुतं.”

“ती खात न्हाई म्हणतोस.”

“मला वाटलं, तुमच्या हातनं एक घास गेला असता… काय तरी मंतर, अंगारा…”

“अंगाऱ्यानं पोट भरत न्हाई. हिची आई काय घालायची हिला?”

आता इथं मात्र महालिंगची गाडी अडली. तो डोकं खाजवू लागला. त्याची बायको शैला लेकीला काय घालायची, हे त्याला सांगता येईना. लग्नसराईत तो महिनोन्‌महिने मांडवात. सराई संपली की जत्रा, जत्रा संपल्या की बारशी आणि वाढदिवस. घरी असला तरी जेवणाच्या वेळेला बाहेर ओट्यावर कुणाशी तरी पुढच्या कामाचं बोलत बसलेला. आत मायलेकी काय खातात, कशा खातात, हे त्यानं कधी वाकून पाहिलं नव्हतं.

“कण्या करायची म्हणं,” तो शेवटी म्हणाला. “शेजारीण सांगत हुती. ज्वारीच्या कण्या. आता कण्या म्हंजे काय सैपाक हाय का, अज्जा? ज्वारी भरडायची, पाण्यात रटरटू द्यायची, मीठ टाकायचं. दात पडलेल्याचं अन्न. तरी केल्या. तूप सोडलं, काजू तळून घातलं, वेलदोडा घातला.”

“खाल्ल्या?”

“वास घेतला आन् रडाय लागली.”

मठाच्या भिंतीवर एक खार चढत होती. चन्नी तिच्याकडे बघत होती, आणि महालिंग चन्नीकडे.

“चूल पेटलेली हाय,” अज्जा म्हणाले. “कर इथं काय करायचं ते. माझ्या डोळ्यांपुढं कर.”

महालिंगला तेवढंच हवं होतं. तो उठला, कमरेला पंचा आवळला आणि एकदम पहिल्यासारखा दिसू लागला. चुलीपुढं उभं राहिलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं. चुलीच्या एका तोंडावर अज्जांच्या जेवणाच्या कण्या सकाळपासून मंद शिजत होत्या. त्यानं ते काळं भांडं फडक्यानं उचललं आणि नाक मुरडून कडेला ठेवलं.

मग हात चालू लागले. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून मऊ धिरडी. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, वर जिऱ्याची फोडणी. पोळी कुस्करून तूपगुळात वळलेले बोराएवढे लाडू. कशातही तिखट नाही, कशातही दाताला लागेल असं काही नाही. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं असा घमघमाट मठभर पसरला.

“मीठ बघितलं न्हाईस,” अज्जा म्हणाले.

“म्या चव घेत न्हाई, अज्जा.” महालिंगची मान जराशी ताठ झाली. “नैवेद्याचा सैपाक उष्टा करायचा न्हाई, ही आमच्या घराण्याची रीत. नुसत्या वासावर मीठ कळतं मला. हातानं केलेलं पानात पडंस्तवर तोंडात घालत न्हाई. आन् शेवटची पंगत उठंस्तवर आचारी जेवत न्हाई.”

“घरी पण?”

“सवय झाली. घर काय आन् मांडव काय.”

अज्जांनी नुसती मान हलवली.

महालिंगनं पान मांडलं, चन्नीला पाटावर बसवलं आणि पळी हातात धरून तिच्यापुढं उकिडवा बसला. पंगतीत तो असाच फिरायचा. कुणाच्या पानात काय संपलं, कुणी काय टाकलं, कुणाची भुवई कुठल्या घासाला वर गेली, हे त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. त्याच नजरेनं तो आता त्या इवल्याशा तोंडाकडे बघत होता.

“खा, बाळ.”

चन्नीनं पानाकडे पाहिलं.

“हे बघ, लाडू. हा चिऊचा घास. आ कर.”

त्याचंच तोंड उघडलं. चन्नीचं मिटलेलं राहिलं.

“हा काऊचा. हा आज्जीचा. एक खा, एकच. बाबासाठी एक.”

तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तिला त्याची दया आली की भीती वाटली, देव जाणे. तिनं ओठ जरासे विलग केले आणि महालिंगनं लगबगीनं लाडू आत सारला. आता चावेल. आता गिळेल.

लाडू गालात जाऊन बसला. गाल फुगला आणि तसाच राहिला.

“चाव की.”

गाल हलला नाही.

“गीळ, बाळ. गीळ ना… गीळ, माझी राणी.”

चन्नी त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि तो तिच्या गालाकडे. असं बराच वेळ चाललं. महालिंगच्या कपाळावर घाम आला. त्याला तो सोमवार दिसू लागला, सासूबाईंची पिशवी दिसू लागली, एसटीच्या खिडकीतला तो झग्याचा खांदा दिसू लागला.

“गीळ म्हणतोय ना,” तो ओरडला.

पळी फरशीवर आपटली. मठाच्या वळचणीतली कबुतरं फडफडून उडाली.

चन्नी रडली नाही. तिनं तोंडातला ओला गोळा हळूच तळहातावर काढला आणि तो कुठं ठेवायचा हे न कळून तसाच हातात धरून बसून राहिली. बापाला पुन्हा राग येईल अशी जागा तिला नको होती.

महालिंगला ते बघवेना. त्यानं पुढं होऊन तो गोळा आपल्या हातात घेतला, तिचा तळवा पंचानं पुसला आणि गुडघ्यात तोंड घातलं.

“नेऊ दे सासूबाईंना,” तो म्हणाला. “माझ्या हातात काय बी न्हाई, अज्जा. उगंच मिरवत हुतो. एवढ्याशा लेकराचं पोट भरता येईना मला…”

हे बोलताना त्याला लाज वाटली नाही. लाज वाटायच्या पलीकडे तो गेला होता.

अज्जा उठले. त्यांनी फरशीवरची पळी उचलली, धुतली. महालिंगनं हात पुढं केला, पण अज्जांनी त्याला पळी दिली नाही. ती त्यांनी चन्नीच्या हातात दिली.

पळी तिच्या कोपरापर्यंत आली.

मग अज्जांनी चन्नीला उठवून तिच्या जागी महालिंगला पाटावर बसवलं, पान त्याच्यापुढं सरकवलं, आणि त्यावरची धिरडी, उकड, लाडू सगळं एका परातीत काढून घेतलं. पान मोकळं झालं.

“चन्नम्मा,” ते म्हणाले, “ह्या मठातनं कुणी उपाशी जात न्हाई. हा गडी सकाळी आलाय आन् अजून ह्याच्या पोटात काय न्हाई. मी म्हातारा झालो, मला उठबस होत न्हाई. तू बघ आता ह्याचं.”

“अज्जा, अवो ती लहान…”

“तू पाहुणा हाईस,” अज्जा म्हणाले. “पाहुण्यानं गप बसायचं.”

आणि सूप काखेला मारून ते बाहेर अंगणात गेले.

आत दोघंच राहिले. चूल धुपत होती. महालिंगला काय करावं सुचेना. पान पुढ्यात घेऊन पाटावर बसायची त्याला सवयच नव्हती. पाय कुठं घ्यावेत हेही कळेना.

चन्नी पळी धरून त्याच्याकडे बघत होती.

“बाबा…”

“काय, बाळ?”

“तू जेवतोस?”

पोरीला खरंच माहीत नव्हतं. तिनं थट्टा केली नव्हती की रागानं विचारलं नव्हतं. चिमणी झोपते का, असं लेकरं विचारतात ना, तसं तिनं विचारलं.

“जेवतो की. आचारी मागनं जेवतोय.”

“कुठं?”

महालिंग पानाची कड चाचपू लागला. मांडवामागं उभ्या उभ्या, कढईत उरलेलं. कधी तेही नाही. आणि शैला गेल्यापासून तर चहा, तंबाखू आणि पुन्हा चहा. चन्नीला निजवून तो भांडी आवरायचा आणि पातेल्यातलं सगळं सकाळी गाईपुढं ठेवायचा. इतके दिवस तो पोरगी जेवत नाही म्हणून गावभर सांगत फिरत होता. आपणही जेवत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“मी कधी बघितलं न्हाई,” चन्नी म्हणाली.

ती चुलीकडे वळली. परातीतल्या धिरड्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. कडेला ठेवलेल्या काळ्या भांड्याशी गेली आणि आत वाकली. कण्या अजून कोमट होत्या. तिनं दोन्ही हातांनी पळी बुडवली आणि जिवाच्या आकांतानं वर ओढली. अर्धी पळी फरशीवर सांडली.

महालिंगचा हात आपोआप पुढं गेला.

बाहेर अज्जा खाकरले.

हात मागं आला.

चन्नीनं सांडत सांडत पळी पानापर्यंत आणली. पानात कण्यांचा ओबडधोबड ढीग पडला. मग तिनं चुलीशेजारचा दुधाचा तांब्या उचलला. दूध नुकतंच तापवलेलं होतं, तांब्या अजून ऊन लागत होता. तिनं भसकन ओतलं. मग मठाच्या गुळाच्या डब्यातला एक खडा घेतला आणि त्या दुधात टाकला.

महालिंगच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ऊन दुधात कच्चा गूळ घालायचा नसतो, दूध फाटतं. त्याच्या हाताखालच्या पोऱ्यानं असं केलं असतं तर त्यानं त्याला मांडवाबाहेर काढलं असतं. शब्द ओठांवर आले होते. त्यानं ते कसेबसे आवरले.

चन्नीनं पाची बोटं पानात घातली आणि गूळ कुस्करू लागली. मुठीत धरायची, दाबायची, बोटांच्या फटीतून बाहेर काढायची. दूध फाटलं, त्याच्या बारीक गुठळ्या झाल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती तोंडानं काही तरी गुणगुणत होती. त्या गुणगुणण्याला धड चाल नव्हती, पण तो सूर महालिंगनं ऐकला होता. ओट्यावर बोलत बसलेला असताना आतून यायचा. इतकी वर्षं यायचा, आणि त्याला वाटायचं रेडिओ लागलाय.

हे असं कालवायची तर शैला… त्याला आत्ता कळलं.

“आ कर,” चन्नी म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. ओला, गिजगिजीत, सांडणारा घास त्याच्या तोंडात आला. अर्धा हनुवटीवर ओघळला. खारट, गोड, जरासा आंबूस. असलं त्यानं कुणाच्या पानात वाढलं नसतं. आणि तरी जीभ नकळत त्याच्याभोवती फिरू लागली.

पण घास खाली उतरेना. घास गालात जाऊन बसला.

चन्नीनं वाट पाहिली.

“गालात ठेवू नको,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, आईचा होता. “गीळ. मी बघत न्हाई.”

आणि तिनं तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

महालिंग तिच्या पाठीकडे बघत राहिला. वेणी सुटलेली, झग्याचा खांदा घसरलेला, दुधानं भरलेला हात अंगापासून लांब धरलेला. भिंतीकडे तोंड करून ती इमानेइतबारे उभी होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि घास खाली गेला.

“गिळला,” तो म्हणाला.

“आता माझा.”

चन्नी पाटाशी आली, पानात हात घातला, घास उचलला. आणि थांबली.

“तू बघू नको.”

“न्हाई बघत.”

“तिकडं तोंड कर.”

महालिंगनं भिंतीकडे तोंड केलं. भिंत धुरानं काळी झालेली होती. त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. पंगतीतल्या शेवटच्या पानावरचं मीठ संपलेलं ज्याला लांबून दिसायचं, तो माणूस त्या काळ्या भिंतीकडे बघत बसला. मागं त्याची लेक आहे. तिच्या हातात घास आहे. तो तोंडात गेला की खाली पडला की तिनं पुन्हा मुठीत धरून ठेवला, काही कळायला मार्ग नाही. मान वळवावी अशी अनावर इच्छा झाली. तो दोन्ही हातांनी पाट घट्ट धरून बसला. आजवर कुठली कढई उचलताना गेलं नसेल एवढं हे न बघणं त्याला जड गेलं.

काही आवाज येईना.

शैले, तो मनात म्हणाला, काय करू मी आता…

मग मागून बारीकसं मचमच ऐकू आलं. थांबलं. पुन्हा ऐकू आलं.

“आता तुझा,” चन्नी म्हणाली. “एक तुला, एक मला.”

तो वळला. तिच्या ओठाला कणी चिकटली होती. त्यानं ती पाहिली आणि लगेच नजर पानाकडे नेली. काही बोलला नाही. तोंड उघडलं.

किती वेळ असं चाललं ते कुणी मोजलं नाही. तो घास घ्यायचा, ती भिंतीकडे बघायची. ती घास घ्यायची, तो भिंतीकडे बघायचा. मध्येच ती एकदा हसली, कारण त्याच्या मिशीत कण्या अडकल्या होत्या. मध्येच तिला कंटाळाही आला आणि ती खारीला बघून यायला उंबऱ्यापर्यंत गेली. तेव्हा महालिंगचा जीव टांगणीला लागला. आता ती परत येते की नाही… ती परत आली. पान काही अगदी स्वच्छ झालं नाही, थोडं उरलंच. पण शेवटी चन्नी पानाशेजारीच आडवी झाली आणि बापाच्या मांडीवर हात ठेवून झोपली. तो हात कोपरापर्यंत दुधागुळानं माखलेला होता. महालिंगनं तो धुतला नाही.

अज्जा आत आले. पानाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“अज्जा,” महालिंग कुजबुजला. “तिनं खाल्लं.”

“हं.”

“किती खाल्लं, मला दिसलं न्हाई. म्या बघितलं न्हाई.”

“हं.”

पण काळजी माणसाला सुखानं बसू देते होय? ती पुन्हा त्याच्या मानगुटीवर येऊन बसली.

“आज खाल्लं खरं,” तो म्हणाला. “उद्या न्हाई खाल्लं तर? कण्या अशाच लागतील ना हिला? दूध किती घातलं तिनं, तुम्ही बघितलं का? गूळ गार दुधात घातला तर फाटणार न्हाई, पर मग चव बदलंल… का फाटलेलंच द्यायचं? का रताळं उकडू? नाचणीची आंबील? सोमवारच्या आत अंगावर जरा तरी मांस दिसाय पायजे, अज्जा.”

अज्जा खाली बसले. झोपलेल्या पोरीच्या झग्याचा खांदा त्यांनी वर सारला. तो पुन्हा घसरला. त्यांनी पुन्हा सारला नाही.

“सांगा की, अज्जा,” महालिंग म्हणाला. “उद्या सकाळी हिला काय करून घालू?”

अज्जांनी उरलेल्या कण्यांचं काळं भांडं झाकलं आणि त्याच्यापुढं सरकवलं.

“उद्या चूल पेटवू नगंस,” ते म्हणाले. “हिच्यापुढं बस. आन् सांग हिला… मला भूक लागलीया.”